जागाच नाही, तर राखीव काय?

यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर पहाटे पाचला पळणाऱ्या पोट्ट्यांना विचारा, सरकार म्हणजे काय? ते सांगतील, सरकार म्हणजे जाहिरात. निघाली तर सरकार आहे, नाही निघाली तर नाही. पाटीपुऱ्यात जयभीम झाला की पुढचा सवाल ठरलेला, ‘निंगाल्या का बे जागा?’

दोन दोन मुख्यमंत्री दिलेला हा जिल्हा. वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक. आणि आमचा पदवीधर अजून जागा निघायची वाट पाहतो.

4 मे 2020 ला वित्त विभागाने कागद काढला. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून कुठल्याच खात्यात नवी भरती नाही. कारण करोना. तिजोरी रिकामी. असेल बाबा. पण बंदी काही करोनाची अवलाद नाही, ती त्याच्या आधीपासून आमच्या घरात राहते.

2011 च्या ऑक्टोबरात पटपडताळणी झाली. पोरांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली. संस्थाचालकांनी कागदावर उभी केलेली लाखो पोरं गायब! चोर कोण? संस्थाचालक. सजा कोणाला? डी.एड. करून बसलेल्यांना. 2 मे 2012 पासून शिक्षकभरती बंद. मोजके अपवाद सोडले तर पवित्र पोर्टलवरून नेमणुका निघायला 2019 साल उजाडलं. डी.एड. म्हणजे आमच्यासाठी सगळ्यांत जवळची शिडी होती. बारावी, मग दोन वर्षं, की मास्तर. माझ्या मावशीने पोरीच्या डी.एड.साठी डोरलं मोडलं. बंदीची सगळी वर्षं ती पोरगी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होती. सर्टिफिकेटला तिनं प्लॅस्टिक चढवून घेतलं होतं, ते अजून कोरं करकरीत आहे. राखीव उमेदवाराची वयोमर्यादा 43. भरतीवर बंदी आहे, वयावर कुठं आहे?

बंदी उठते तेव्हाचा तमाशा निराळाच. मार्च 2019 मध्ये जिल्हा परिषदांच्या जाहिराती आल्या. फी घेतली. परीक्षा काही झाली नाही, 2022 मध्ये भरतीच रद्द. फी परत करतो म्हणे. तीन वर्षं कोण परत करणार? मग 2023 ची तलाठी भरती. जागा 4,644, अर्ज दहा लाखांवर. फी खुल्याला 1000, राखीवला 900. म्हणजे आरक्षणाची किंमत सरकारने शंभर रुपये ठरवली. दहा लाख गुणिले नऊशे, गणित तुम्हीच करा. स्पर्धा परीक्षेवालेच आहात.

आता मुद्द्याचं. बाबासाहेबांनी घटनेत 16(4) लिहिलं. राज्याच्या 2001 च्या कायद्यात अनुसूचित जातींना 13 टक्के, जमातींना 7 टक्के. पण शून्याचे 13 टक्के किती? बंदीच्या कागदात जात कुठंच लिहिलेली नाही, हीच त्याची हुशारी. आरक्षण हटवा म्हणून गळा फाडणारे उगाच घाम गाळतात. त्यांचं काम मंत्रालयातलं एक पेन आवाज न करता करून टाकतं. कुणाचा पुतळा जळत नाही, कुणी घटना बदलत नाही.

आणि आमच्या जिल्ह्यातल्या गोंड, कोलाम, परधान भावांचं काय? 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खोट्या दाखल्यावर बळकावलेली आदिवासींची नोकरी टिकणार नाही. राज्याने काय केलं? डिसेंबर 2019 मध्ये अशा लोकांना अधिसंख्य पदं देऊन सांभाळून घेतलं. आकडा सांगतात 12,500. रिकाम्या होणाऱ्या जागांवर खरे आदिवासी घेणार होते. पाच महिन्यांत बंदी आली. खोट्याची खुर्ची शाबूत, खऱ्याला दार बंद.

आत बसलेल्यांचीही चैन नाही. एक ग्रामसेवक तीन तीन गावं ओढतो, लोकांच्या शिव्या मात्र तोच खातो. माझा मामा एका कचेरीत शिपाई होता. रिटायर झाला तेव्हा त्याचं स्टूल तिथंच राहिलं. आज त्यावर कंत्राटी पोरगा बसतो. रजा नाही, पेन्शन नाही, उद्याचा भरवसा नाही. सप्टेंबर 2023 मध्ये नऊ एजन्सींमार्फत माणसं भरायचा आदेश निघाला होता, बोंब झाली म्हणून ऑक्टोबरात मागे घेतला. बरं झालं. पण मामाच्या स्टुलावरचा पोरगा त्याच्या आधीपासूनच कंत्राटी आहे. ठेकेदार बिंदुनामावली पाहत नाही, ओळख पाहतो.

आपले जे साहेब झाले त्यांनाही एक विचारायचं आहे. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी तुम्ही संपावर गेलात. मागणी रास्त, आम्ही सोबत होतो. पण पेन्शनीला आधी नेमणूक लागते. तुमच्या बाजूचं टेबल रिकामं आहे, ते कोणत्या प्रवर्गाचं, हे तुम्हाला आमच्याआधी माहीत असतं. सांगत का नाही?

नाही सांगत तर आम्ही मागू. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं, परीक्षेच्या फीपेक्षा स्वस्त. मंजूर पदं किती, भरलेली किती, अनुशेष कोणाचा, बिंदुनामावलीची नक्कल द्या. सोळा तालुके आहेत, तालुक्याला चार पोट्टे पुरे. पहिला अर्ज जिल्हा परिषदेत टाकायचा. ग्राउंड मारून झालं की सरळ तिकडंच या. येताना दोन कोरे कागद आणा.