लागलें, करपलें, जळलें

गेल्या होळीपौर्णिमेस आमच्या घरीं, म्हणजे वसईच्या होळी बाजाराजवळ, धाकट्या सूनबाईंच्या हातून पुरण तळाला लागलें. थोरल्या सूनबाई सहज बोलून गेल्या, “अगबाई, जाळलंस की गं पुरण!” झालें! सणाच्या दिवशीं धाकटीच्या डोळ्यांत पाणी. मी जन्मभर मुलांच्या निबंधांतले शब्द तपासलेला मनुष्य, मला राहवेना. “पुरण जळलेलें नाहीं, लागलेलें आहे,” असा निवाडा मीं दिला.

हा शब्दच्छल नव्हे. लागलें म्हणजे तळचा थर तेवढा बिघडला. न ढवळतां वरचें पुरण अलगद दुसऱ्या पातेल्यांत काढावें, तें निर्दोष असतें. करपलें म्हणजे करपट वास सगळ्यांत भिनला. जळलें म्हणजे आशाच संपली. आणि ह्या तिहींच्या अलीकडे खरपूस आहे. तो तर गौरवाचा शब्द. साखर व अमिनो आम्लें एकत्र तापून जो तांबूस रंग येतो, त्याचें वर्णन मायार नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं केलें. भाजणीचें एकेक धान्य निराळें भाजणाऱ्या आमच्या आज्यांना तो रंग नेमका कोठें थांबवावा हें ठाऊक होतें.

इंग्रजींत ‘चार’ हें एकच क्रियापद भरताच्या वांग्याची साल काळी करण्यालाहि चालतें आणि पार कोळसा होण्यालाहि. शिवाय त्याच उच्चाराचा एक थंड पाण्यांतला मासा आहे, आणि विलायतेच्या बोलींत चहालाहि ‘चार’च म्हणतात! पाहुण्यानें काय मागितलें हें यजमानिणीस कळावें कसें?

संस्कृताची दृष्टि बारीक. आमचें ‘भाजणें’ ज्यावरून आलें तो भ्रस्ज् धातु निराळा, जाळणारा दह् निराळा. भावप्रकाशांत ‘होलक’ म्हणून एक पदार्थ सांगितला आहे: अर्धवट पिकलेलीं शेंगांतलीं धान्यें गवताच्या जाळावर भाजलेलीं. तोच आपला हरभऱ्याचा होळा. सणाचें नांव त्यावरूनच पडलें म्हणणारे आहेत. मी तेवढा आग्रह धरीत नाहीं.

थोरलीनें मुकाट्यानें वरचें पुरण काढून धाकटीच्या हातीं दिलें. राहिली तळची खरवड. माझी आई ती नेहमीं आपल्याच पानांत घेई, आणि तिला ती आवडते अशी आम्हां मुलांची समजूत होती. ह्या खेपेस ती मीं मागून घेतली. चांगलीच कडू होती.