खुराड्याचा प्लाय आणि तिजारतीतील इमानदारी

आमचा धंदा कापडाचा. लाकडाच्या वखारीशी आमचा संबंध केवळ गिऱ्हाईक म्हणून. तरीही प्लायवूडबद्दल चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण या मालात नुकसान गरिबाचे होते आणि बदनामी कारागिराची.

मागे आम्ही घराच्या परसात कोंबड्यांसाठी खुराडे बांधून घेतले. आठ बाय चारचे प्लाय आणले, सुताराने काम सुबक केले, वरून रंगही मारला. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडा फुगल्या, थर सुटले, आत बुरशीचा वास येऊ लागला. शेवटी सगळे खुराडे मोडून सरपणात घालावे लागले. दोष कोणाचा? माल कुठे लावणार, हे दुकानदाराने विचारले नाही. आम्ही सांगितले नाही. सुताराने कडा उघड्या ठेवल्या, कारण त्या कामाची मजुरी ठरलीच नव्हती. दोष तिघांचाही होता.

बाजारात स्वस्त मिळणाऱ्या कमर्शियल प्लायवर 'एम. आर.' अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ एवढाच की घरातली थोडीफार दमट हवा हा माल सोसतो. पावसाची झड सोसेल, असा त्याचा अर्थ नाही. 'आय. एस. ३०३' हे मानक सर्वसाधारण वापराच्या प्लायचे आणि 'आय. एस. ७१०' हे मरीन प्लायचे. मरीन प्लायचा तुकडा ७२ तास पाण्यात उकळून त्याचे थर सुटतात की नाही हे पाहिले जाते. भुसा दाबून केलेला बोर्ड किंवा एम. डी. एफ. तर उघड्यावर लावूच नये.

पण नुसता महाग माल घेऊनही भागत नाही. मरीन प्लायचा गोंद टिकतो, तरी आतले लाकूड कापलेल्या कडेतून पाणी पितेच. कापडाचा कापलेला काठ दुमडून शिवला नाही तर धागे सुटतात, हे आमच्या धंद्यातले पोरही जाणते. प्लायचेही तसेच आहे. म्हणून जोडणीपूर्वीच प्रत्येक कडेला आणि स्क्रूच्या छिद्रांना प्रायमर, त्यावर ऑइल पेंटचे दोन-तीन हात द्यावेत. रंग शिसेविरहित असावा आणि दोन्ही बाजूंना लावावा. एकच बाजू रंगवली तर प्लाय वाकतो. खालची कड जमिनीपासून वीतभर वर, विटांच्या जोत्यावर ठेवावी. छपराचा पत्रा इतका पुढे काढावा की पागोळ्या भिंतीवर पडणार नाहीत. स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत.

आणखी एक गोष्ट. ओल बाहेरूनच येते असे नाही. जनावरांचा श्वास, मूत, सांडलेले पाणी यांनी गोठा आतूनही भिजतो. छपराखाली हवा जायला जागा ठेवली नाही, किंवा आतून प्लास्टिक ठोकून टाकले, तर ओल कोंडते आणि प्लाय लवकर कुजतो. वाळवीसाठी काही जण इंजिनाचे जळके ऑइल फासतात. शेळ्या लाकूड चाटतात, कुरतडतात. ते विष त्यांच्या पोटात जाते.

सहीह मुस्लिममधील एक प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. पैगंबर साहेबांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. माल भिजला हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ओल खाली दडवली, हा होता. चुकीचा प्लाय गोठ्यासाठी मुकाट्याने विकणे यापेक्षा वेगळे कसे?

म्हणून आमची विनंती आहे. दुकानदार बांधवांनी माल देण्यापूर्वी 'कुठे लावणार?' एवढे विचारावे आणि बिलावर मालाचा दर्जा स्पष्ट लिहावा. सुतार बांधवांनी कडा भरण्याची मजुरी आधीच वेगळी सांगावी. सांगायला संकोच कसला? आणि आम्ही गिऱ्हाइकांनी ती घासाघीस न करता द्यावी. रंगाचा एक डबा आणि अर्ध्या दिवसाची मजुरी वाचवून सगळा गोठा गमावण्यात शहाणपण नाही.

अनेक गरीब घरांत दोन-चार शेळ्या हीच बँक असते. मुलाची फी, आजारपण, मुलीचे लग्न, सारे त्यांच्यावर. त्यांच्या डोक्यावरचा निवारा कुजला तर घाटा फक्त लाकडाचा होत नाही. खरे बोलून विकलेल्या मालात नफा कदाचित कमी दिसेल, पण तेच गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते. बरकत म्हणतात ती हीच.