उभ्याचा धंदा आणि पायांच्या शिरा

बेकरीतील कारागीर, न्हावी, खाटीक, कापड दुकानातील नोकर, हॉटेलातील वेटर आणि भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावरील कामगार या सर्वांची भाकरी उभ्याने कमावली जाते. धंद्यात भांडवल किती, उधारी किती याचा हिशेब आपण रोज मांडतो. ज्या पायांवर हा धंदा उभा आहे त्यांचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

पायांतील रक्त वर हृदयाकडे चढवण्यासाठी शिरांमध्ये झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू पंपाचे काम करतात. माणूस चालतो तेव्हा हा पंप चालतो. एका जागी उभा राहिला की थंडावतो. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते आणि शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. आनुवंशिकता, वाढलेले वजन व बाळंतपण हीदेखील याची कारणे आहेत. परंतु तासन्‌तास उभे राहण्याने त्रास वाढतो. आधी संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते. पुढे खाज सुटते, कातडी काळवंडते आणि अखेरीस घोट्याजवळ लवकर न भरणारी जखम होते.

तरीही आमचे व्यापारी बंधू डॉक्टरकडे जाण्याचे टाळतात. ऑपरेशनची भीती असते आणि त्याहून मोठी भीती दुकान बंद राहण्याची असते. एके काळी ती अनाठायी नव्हती. जांघेत छेद घेऊन शीर ओढून काढली जाई आणि पुढे बरेच दिवस घरी बसावे लागे. आज परिस्थिती बदलली आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये रेडिओलहरींच्या व २००२ मध्ये लेसरच्या उपचाराला मंजुरी मिळाली आणि आता आपल्याकडील शहरांतही हे उपचार होतात. सोनोग्राफीवर पाहत सुईएवढ्या छिद्रातून बारीक तार शिरेत सरकवतात, शिरेभोवतीची जागा बधिर करतात आणि उष्णतेने ती शीर आतून बंद करतात. रक्त इतर निरोगी शिरांतून वाट काढते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो आणि थोड्याच दिवसांत कामाला लागतो.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २०१३ मध्येच डॉक्टरांना सांगितले की, आधी हा उष्णतेचा उपचार द्यावा. तो शक्य नसल्यास औषधाचा फेस शिरेत सोडावा. आणि तेही जमत नसेल तरच शस्त्रक्रिया करावी. तेथेच ४५० जखमी रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. शिरेवर लवकर उपचार झालेल्या गटात निम्म्या रुग्णांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. उपचार लांबणीवर टाकलेल्या गटात त्यास ८२ दिवस लागले. या २६ दिवसांची किंमत व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र लेसर म्हणजे जादू नव्हे. जाहिरात पाहून पैसे भरू नयेत. आधी डॉप्लर सोनोग्राफी करून कोणती झडप बिघडली आहे हे समजून घ्यावे. प्रत्येक फुगलेल्या शिरेस लेसर लागत नाही. क्वचित कातडी भाजणे, बधिरपणा किंवा रक्ताची गाठ होणे असे धोके आहेत आणि काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते. मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असणाऱ्यांनी पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घट्ट मोजे घालू नयेत. एकूण खर्च किती आणि तो विम्यात किंवा सरकारी योजनेत बसतो काय, हे दाखल होण्यापूर्वी लेखी विचारावे.

एक शब्द मालकांसाठी. उभ्याने काम करणाऱ्यास संधी मिळेल तेव्हा बसता यावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमातच होती. दुकानांतील नोकरांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. आमच्या मते महाराष्ट्रातील दुकानदारांनी सक्तीची वाट पाहू नये. गिऱ्हाईक नसताना नोकर स्टुलावर बसला म्हणून दुकानाची शोभा कमी होत नाही. हाताखालचा कसबी माणूस जखमेपायी महिना-दोन महिने घरी बसला तर होणारे नुकसान एका स्टुलाच्या किमतीहून कितीतरी मोठे आहे. मालकाने स्टूल द्यावे आणि ज्याच्या पायांच्या शिरा फुगल्या आहेत त्याने जखम होण्याची वाट न पाहता तपासून घ्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.