निसर्गाची निवड आणि आपली निवड

तंत्रज्ञानाच्या युगात माणसाची उत्क्रांती थांबली काय, असा प्रश्न व्याख्यानांनंतर हमखास विचारला जातो. मोबाइल चालवून पुढच्या पिढ्यांचे अंगठे लांब होतील, ही त्यातली गमतीची शंका. आयुष्यात कमावलेली वैशिष्ट्ये संततीत अशी उतरत नाहीत; लोहाराच्या मुलाचे दंड जन्मतः पीळदार नसतात. दुसरी शंका मात्र गंभीर आहे आणि ती विचारणाऱ्यांत काही डॉक्टरही असतात. जी मुले पूर्वी निसर्गक्रमाने गेली असती त्यांना आपण वाचवतो, तेव्हा मानवजात दुबळी तर करीत नाही ना?

निसर्गाची निवड म्हणजे काय, हे बुऱ्हाणपूरकरांना पुस्तकात शोधावे लागू नये. 1631 साली मुमताजमहल याच गावी चौदाव्या बाळंतपणात वारली. तिच्या चौदा अपत्यांपैकी निम्मीच वयात आली. बादशहाच्या घरी ही कथा, तर तापीकाठच्या विणकराच्या झोपडीत काय असेल? 1971 साली देशात हजार जन्मांमागे 129 अर्भके वर्षाच्या आत दगावत; 2020 साली हा आकडा 28 वर आला. (आपल्या मध्य प्रदेशाचा त्या वर्षीचा आकडा 43 होता, हेही येथे नोंदवून ठेवतो.) या चाळणीतून गळलेली मुले दुर्बळ वाणाची होती, असे समजणे हा भ्रम आहे. बहुतेक अतिसाराने, न्यूमोनियाने, गोवराने, धनुर्वाताने गेली. धनुर्वात बाळाची जनुके पाहत नाही. नाळ कोणत्या विळ्याने कापली ते पाहतो.

उत्क्रांतीचे खरे उदाहरण आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज येऊन बसते. सातपुड्याच्या पाड्यांवरून भिल्ल, बारेला, कोरकू आयाबाया हातापायांची बोटे सुजलेली, डोळे पिवळसर झालेली, सतत कण्हणारी मुले घेऊन येतात. हा सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच बदल. पण त्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. इतका घातक दोष हजारो वर्षे टिकला कसा? पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून अँथनी ॲलिसन यांनी 1954 साली त्याचे उत्तर दिले : ज्याला हे जनुक एकाच पालकाकडून मिळते, तो वाहक तीव्र हिवतापातून अधिक वाचतो. सातपुड्याच्या हिवतापी जंगलात काल ज्याने तारले, तेच जनुक दोन्ही बाजूंनी आले की आज मारते. चांगले जनुक, वाईट जनुक ही भाषा मला म्हणूनच पटत नाही.

आता मूळ शंकेकडे येऊ. समजा, एखाद्या समाजात या जनुकाचे प्रमाण दहा टक्के आहे. गणिताने शंभरात एक रुग्ण आणि अठरा वाहक येतील. शंभर माणसांत त्या जनुकाच्या वीस प्रती. त्यांपैकी रुग्णाकडे दोन आणि निरोगी वाहकांकडे अठरा. म्हणजे रुग्ण मुलांना वाऱ्यावर सोडले, तरी नऊ दशांश जनुक शेतात नांगर धरून उभे आहे. पेनिसिलिन, न्युमोकोकलची लस आणि हायड्रॉक्सियुरिया देऊन एखादे लेकरू जगवले म्हणून वंश बिघडतो, हे म्हणणे निर्दय तर आहेच, शिवाय हिशेबातही चुकलेले आहे.

हाच हिशेब सरकारी मोहिमेलाही लागू आहे. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. उपक्रम स्वागतार्हच आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी बाळ रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. ही माहिती लग्नाआधी मिळणे हा तरुणांचा हक्क आहे. परंतु वाहकाने वाहकाशी लग्न टाळले की रुग्ण घटतील, जनुक घटणार नाही. उलट ते निर्धोकपणे पुढे जाईल. त्यात बिघडले काही नाही. बिघडते ते पुढे. छत्तीस गुण जुळविण्यात तरबेज असलेल्या आपल्या समाजाला सदतिसावा गुण आयता मिळतो आणि वाहक असलेली, पूर्ण निरोगी मुलगी ‘रोगी’ ठरते. मुलाचा कागद कोणी मागत नाही. हे मी पाड्यावर पाहिले आहे; थॅलेसेमियाच्या बाबतीत शहरातही पाहिले आहे.

2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवर जनुक-संपादनाचा पहिला उपचार मान्य झाला. रुग्णाच्याच मूळपेशींत बदल करून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करायचे, ही कल्पना अतिशय सुंदर. अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर, शिवाय आधी जबर केमोथेरपी. तरीही हा बदल रुग्णापुरता आहे, संततीत जात नाही. चीनमधील हे जियानकुई यांनी 2018 साली जाहीर केलेला प्रयोग वेगळा. त्यांनी भ्रूणाचीच जनुके बदलली, जुळ्या मुली जन्मल्या आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. रोग बरा करणे आणि वंश घडविणे यांतली रेघ येथे ओलांडली गेली.

ती रेघ आपण पाळू, याची मला खात्री नाही. निवडीचे यंत्र आपल्या हाती एकदा येऊन गेले आहे. सोनोग्राफी गर्भाच्या भल्यासाठी आली. महाराष्ट्राला 1988 साली आणि देशाला 1994 साली कायदा करावा लागला. तरीही शिकल्या-सवरलेल्या महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, त्या 2011 मध्ये 894 उरल्या. निसर्गाने नव्हे, पदवीधरांनी केलेली ही निवड. वंशश्रेष्ठत्वाच्या शास्त्राचा अनुभव मराठी विद्येलाही आहे. इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गोऱ्यांचे श्रेष्ठत्व कवटीच्या ठेवणीत दिसावे, ही गुरूची अपेक्षा. बाईंच्या मोजमापांत ते दिसले नाही आणि त्यांनी तसे लिहून दिले.

आपल्या मंडळींकडून मला दोन-तीनच गोष्टी हव्या आहेत. विद्राव्यता चाचणीवर विसंबू नये. तिने वाहक व रुग्ण यांतला फरक कळत नाही आणि नवजातात ती निरुपयोगी आहे. त्यासाठी एचपीएलसी हवी. कार्ड सज्ञान व्यक्तीच्या हाती द्यावे, सासरच्या वा माहेरच्या वडीलधाऱ्यांच्या नव्हे. आणि मुलीचे मागितले तर मुलाचेही मागावे. शिवाय अहवालाचा अर्थ बारेली आणि कोरकू बोलणाऱ्या आईला तिच्या भाषेत सांगणारी एक प्रशिक्षित बाई खकनार विकासखंडासाठी नेमावी. पहिल्या वर्षाचे तिचे मानधन आपण वर्गणीतून उभे करू शकतो. माझा वाटा मी कोषाध्यक्षांकडे देत आहे.