ओढ्यातली गाडी आणि बिलाचा वाद

मुळशीत माझं गॅरेज आहे. पावसाळ्यात ताम्हिणी घाटाकडून, ओढ्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून इथे आणतात. एअर फिल्टर काढला की गढूळ पाणी निथळतं, इंजिन उघडलं की वाकलेला कनेक्टिंग रॉड दिसतो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी पिस्टनने हवेसारखं दाबलं जात नाही. सगळा जोर रॉडवर येतो. त्यात बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा स्टार्ट केली, की नुकसान वाढतं.

मग बिलाचा वाद. गाडीची कंपनी म्हणते, वॉरंटीत बसत नाही. विमावाले म्हणतात, इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. खोली न बघता ओढ्यात गाडी घालणाऱ्याने खर्च स्वतः सोसावा. पण पाणी उडवत जाणाऱ्या गाडीची जाहिरात करून ती विकायची, तर माहितीपत्रकात पाण्याची खोली जितके मिलिमीटर लिहिलीय तितक्या पाण्यापर्यंतची जबाबदारी कंपनीने घ्यायलाच हवी. आणि साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान सहसा धरत नाहीत, हे एजंटने सही घेण्याआधी मराठीत सांगावं. गिऱ्हाइकाला ते माझ्या गॅरेजात पहिल्यांदा कळावं, हा अन्याय आहे.