पारड्याखालची चिंच

यंदाची स्मरणिका वाचकांच्या हाती देताना एका गंभीर विषयाकडे थोड्या गमतीच्या वाटेने जाण्याची मुभा आम्ही घेत आहोत.

आमच्या अ‍ॅमस्टेलव्हीनहून मोटारीने तासाभराच्या आत आउडेवाटर हे छोटे गाव लागते. तेथील जुने वजनघर आज संग्रहालय आहे. चेटकीण हवेत उडते, तेव्हा ती वजनाला हलकी असणार, अशी एके काळी युरोपात समजूत होती. त्यापायी संशयितांना तराजूत बसवीत. आउडेवाटरचा काटा प्रामाणिक म्हणून प्रसिद्ध होता. लोक दूरदूरहून तेथे येत आणि वजन शरीरयष्टीला साजेसे असल्याचा दाखला घेऊन परत जात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे दाखले दिले जात होते.

आपल्याकडचा लबाड वाणी पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवी. म्हणून शहाणे गिऱ्हाईक आधी रिकामा तराजू उचलून दाखवायला सांगे. दोन पारड्यांतील या फरकाला आपण पासंग म्हणतो. रुग्णालयातील वरिष्ठ डॉक्टर, प्रबंधाचे मार्गदर्शक, कार्यालयातील साहेब हे सारे रोज माणसेच तोलतात. त्यांना रिकामा तराजू दाखवा, असे कोण म्हणणार?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हे म्हणण्याची वेळ आली. २००६ साली नेमलेल्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. शिक्षक पुरेसा वेळ देत नाहीत, तोंडी परीक्षेत आडून जात विचारली जाते, अशा अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी त्यात नोंदल्या आहेत. तोंडी परीक्षेत कागद मागे उरत नाही, उरतो तो केवळ गुणांचा आकडा. पासंगाला याहून सोयीची जागा नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. लंडनमध्ये बाबासाहेबांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन होते. रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. त्याला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. शिष्याची मते आपल्याला सर्वस्वी पटत नाहीत हे त्यांनी तीत उघड सांगितले, आणि त्याच प्रस्तावनेत त्याच्या विचारांचा ताजेपणाही मान्य केला. मत न पटणे हा वजनातील दोष नव्हे, हे ज्याला कळते तोच खरा तोलणारा. आमच्या मते, मार्गदर्शकाची याहून कठीण परीक्षा नाही.

येथील डॉक्टरांत इंटरव्हीझी नावाची पद्धत रूढ आहे. समान दर्जाचे सहकारी लहान गटात बसून आपल्या कामातील अडचणी एकमेकांपुढे मांडतात. आमचा अनुभव असा की, 'तुमच्या मनात पूर्वग्रह आहे काय?' असे सरळ विचारले, तर प्रत्येक जण नाही म्हणतो आणि घड्याळाकडे पाहतो. तेच 'तुमच्या पारड्याखाली चिंच कुठली?' असे विचारले की प्रथम हसू येते, मग बोलणे सुरू होते. कुणाला स्वतःच्या तरुणपणासारखे दिसणारे शिकाऊ डॉक्टर आवडतात, कुणाला भाषेत अडखळणारे मंद वाटतात. रूपकाचा हा उपयोग थोडा नाही. दोष माणसाला न चिकटता तराजूला चिकटतो आणि मग तो खरवडून काढता येतो.

हे सारे आज लिहिण्याचे कारण निराळे आहे. आजवर आपली माणसे पारड्यात बसत आली. आता आपली मुले-मुली रुग्णालयांत, विद्यापीठांत, संगणक कंपन्यांत दांडी हाती धरू लागली आहेत. आपल्यातही कोणी 'आपला आहे' म्हणून एखाद्याला सांभाळून घेतो. कोणी 'लोक काय म्हणतील' या धास्तीने आपल्याच मुलाला दुप्पट कसतो. पोटजात, गाव, मराठी की इंग्रजी माध्यम, यांचाही हिशेब आहेच. एक चिंच गोड, दुसरी आंबट, इतकाच काय तो फरक.

येत्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात भाषणांतून एक तास काढून असा एक गट बसवावा, अशी आमची सूचना आहे. आधी ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी बोलावे, आणि शिकाऊ मंडळींनी तोवर फक्त ऐकावे.