हौशी रंगभूमी आणि गुळमट 'झीरो'

एल्मर राइसकृत 'दि ॲडिंग मशीन' हे अभिव्यक्तिवादी नाटक न्यूयॉर्क येथे थिएटर गिल्डने १९२३ साली प्रथम रंगभूमीवर आणले. अमेरिकेतील एखादी हौशी नाट्यसंस्था ते करावयास घेते, तेव्हा एक शहाणा सल्ला हमखास पुढे येतो : मेजवानीच्या प्रवेशातील विषारी उद्गार गाळा आणि नाटक सुखाने करा. या शहाणपणास आमचा सक्त विरोध आहे.

नाटकाचा नायक झीरो पंचवीस वर्षे बेरजा करीत बसलेला कारकून. त्याची जागा यंत्राला दिली जाते. तो मालकाचा खून करतो आणि फाशी जातो. एवढेच दाखविले तर प्रेक्षक दोन अश्रू ढाळून घरी जातील. परंतु राइसला अश्रू नको होते. एक, दोन, तीन अशा आकड्यांचीच नावे धारण करणारी झीरोची पाहुणेमंडळी परकीय, कॅथलिक, ज्यू आणि कृष्णवर्णीय यांच्या नावाने एकमुखाने रक्तपिपासू आरोळ्या ठोकतात व लागलीच देशभक्तीचे गीत गातात. हाच झीरो पुढे परलोकात हाती आलेले सुखही केवळ तेथे अब्रूदारपणाचे नियम नाहीत म्हणून लाथाडतो. जमावाच्या सुरात सूर मिळविणे हाच दोन्ही ठिकाणचा रोग. पहिली खूण पुसली की दुसरी निव्वळ गंमत ठरते.

ज्यांना उद्देशून ते शब्द उच्चारले जातात, ती माणसे प्रेक्षागृहात असतात, हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. त्यांना आगाऊ सूचना द्यावी. आणि दिग्दर्शकाने हसे व्हावे ते आरोळी ठोकणाऱ्यांचे, अशी योजना करावी. तेवढे सामर्थ्य अंगी नसेल तर दुसरे नाटक निवडावे. त्यात कमीपणा नाही. या नाटकावरील अमेरिकेतील स्वामित्वहक्क २०१९ च्या आरंभी संपला, म्हणून कात्रीला कायदा आडवा येत नाही. परंतु कायद्याने मोकळीक दिली म्हणजे विवेकानेही दिली, असे कोणी समजू नये.

साधने अपुरी, ही सबब तर मुळीच चालावयाची नाही. ओनीलचे 'दि हेअरी एप' १९२२ साली प्रॉव्हिन्सटाउन प्लेअर्सच्या चिमुकल्या रंगमंचावरच प्रथम उभे राहिले. या नाट्यपद्धतीला सजविलेला दिवाणखाना लागत नाही. एक उघडी भिंत, नेमका प्रकाश आणि एका ठेक्यात बोलणारी मंडळी पुरतात.

शिवाय हौशी संस्थेचा नट म्हणजे कोण? दिवसा कचेरीत आकडे मांडणारा आणि रात्री तोंडाला रंग लावणारा गृहस्थ! झीरोची भूमिका धंदेवाईक नटापेक्षा त्याला अधिक ओळखीची. त्याच्यासमोर त्याचे शेजारीच बसलेले असतात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला आरसा दाखवावा, यासाठीच गावाची रंगभूमी. त्या आरशाला साखरेचा लेप देणाऱ्यांनी खुशाल मेजवान्या घालाव्यात. नाटक करू नये.